आयर्लंड: दुष्काळ सहा वर्षांचा, ओहोटी एकशे वीस वर्षांची

शेवंती

१८४१च्या जनगणनेत आयर्लंड बेटाची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती. आज उत्तर आणि दक्षिण दोन्ही भाग धरून ती ७० लाखांच्या जरा वर आहे. या काळात युरोपातल्या बहुतेक देशांची लोकसंख्या दुपटीच्या पुढे गेली. एकटं आयर्लंड पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या आकड्यापर्यंतही अजून पोचलेलं नाही.

याचं उत्तर बहुतेक जण एका शब्दात देतात: दुष्काळ. मला ते अपुरं वाटतं, म्हणून हा धागा.

आधी घडलं काय ते थोडक्यात. १८४५च्या शरद ऋतूत बटाट्यावर करपा आला. पीक काढायला गेलेल्या लोकांना जमिनीत काळा, घाण वासाचा लगदा मिळाला. त्या वर्षी साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त पीक गेलं. १८४६ साली जवळजवळ सगळंच गेलं. १८४७ला रोग कमी होता, पण बियाणंच खाऊन संपलं होतं, त्यामुळे लागवड अगदी थोडी झाली. १८४८ला करपा पुन्हा आला. गरीब माणसाचं सगळं जेवण म्हणजे बटाटा आणि मिळालं तर ताक. कष्टकरी पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा. तेच गेलं.

सुमारे दहा लाख माणसं मेली. त्यातली बरीचशी थेट भुकेनं नाही, तर टायफस, हगवण, उलटून येणारा ताप यांनी. उपाशी शरीर आणि दाटीवाटीनं राहणारी, अन्नाच्या शोधात रस्त्यावर आलेली माणसं एकत्र आली की साथ फोफावायला आणखी काही लागत नाही. १८४५ ते १८५५ या दहा वर्षांत साधारण वीस लाख लोक देश सोडून गेले. १८५१च्या जनगणनेत ६५ लाख ५२ हजार माणसं भरली. दुष्काळ पडलाच नसता तर ती नव्वद लाखांवर असती, असा हिशेब त्याच जनगणनेच्या अधिकाऱ्यांनी मांडला होता.

इथपर्यंतची गोष्ट अनेकांना माहीत असेल. मला सतावतो तो पुढचा भाग. १८५२नंतर असा दुष्काळ पुन्हा पडला नाही. मजुरी वाढली, घरं सुधारली, खाणं सुधारलं. तरीही १९०१ साली लोकसंख्या ४४ लाख ५९ हजारांवर आली होती. पुढे स्वतंत्र झालेल्या २६ परगण्यांत तर ती १९६१ साली २८ लाख १८ हजारांपर्यंत खाली गेली, तो तिथला तळ. याच २६ परगण्यांत १८४१ साली ६५ लाख लोक होते.

म्हणजे दुष्काळ संपल्यावर एकशे दहा वर्षं देश रिकामा होत राहिला. मेलेली माणसं काही पुन्हा पुन्हा मरत नव्हती. मग खड्डा भरला का नाही?

माझं म्हणणं असं, की दुष्काळानं नुसती माणसं नेली नाहीत, घर चालवायची रीतच बदलली. दुष्काळापूर्वी बाप जमिनीचे तुकडे करून सगळ्या पोरांना द्यायचा. अर्धा एकर मिळाला की बटाट्यावर संसार उभा राहायचा, म्हणून लग्नं लवकर व्हायची. दुष्काळात हेच तुकडेवाले सगळ्यात आधी मेले किंवा गेले. १८४१ साली एक ते पाच एकरांच्या जमिनी तीन लाखांवर होत्या, १८५१ला अठ्ठ्याऐंशी हजार उरल्या. वाचलेल्यांनी धडा घेतला: जमीन तोडायची नाही. एक मुलगा वारस. त्याच्या बायकोच्या हुंड्यातून एका बहिणीचं लग्न. बाकीच्यांना जहाजाचं तिकीट. आणि वारसालाही बाप म्हातारा होऊन जमीन सोडेपर्यंत लग्न करता यायचं नाही.

या रीतीत प्रत्येक पिढीत देशाला जेवढी मुलं होत, त्यातली निम्मीअधिक दुसऱ्या देशासाठी वाढवली जात होती. आईबापांना हे मूल जन्मल्या दिवसापासून माहीत असे. पश्चिमेकडच्या गावांत निघणाऱ्यासाठी आदल्या रात्री जी बैठक व्हायची ती मयताच्या बैठकीसारखी असे: शेजारी जमत, गाणी होत, पहाटे रडारड. परत कोणी फारसं येत नसे, त्यामुळे तो निरोप शेवटचाच.

तुम्हाला काय वाटतं? खड्डा दुष्काळानं पाडला, पण तो उघडा ठेवला स्थलांतरानं आणि वारसाहक्कानं, हे पटतं का?


जिरायत

धागा आवडला. पिकाच्या अंगानं भर घालतो.

हा करपा म्हणजे फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. गार, दमट हवा त्याला मानवते आणि आयर्लंडचा उन्हाळा नेमका तसाच असतो. पानावर डाग दिसला की काही दिवसांत अख्खं शेत झोपतं, आणि पावसाबरोबर बीजाणू मातीत उतरून कंद सडवतात. त्यात गरिबांनी लावलेला वाण जवळजवळ एकच होता, लंपर. निकस जमिनीत भरघोस येतो म्हणून लोकांनी तो धरला. बटाटा कंदापासूनच लावतात, त्यामुळे सगळी झाडं एकाच झाडाच्या प्रती. एकाला लागण म्हणजे सगळ्यांना लागण.

करपा बेल्जियम, हॉलंड, प्रशियातही आला होता. माणसं तिथंही मेली, पण आयर्लंडच्या मानानं फार कमी, कारण तिथं बटाट्यामागे राय, गहू, कामधंदा असं काहीतरी उभं होतं. एका पिकावर तीसेक लाख माणसं पूर्णपणे अवलंबून असणं, हा रोगाचा दोष नाही.


कोरा_कागद

शेवंतीताई, लेख उत्तम, पण मुख्य मुद्दा मला पूर्ण पटलेला नाही.

एक म्हणजे, आयर्लंडमध्ये माणसं आधीच जास्त झाली होती. १७५०च्या सुमारास पंचवीस लाखांच्या आसपास असलेला देश शंभर वर्षांत ऐंशी लाखांवर गेला. बटाट्यानं जे वाढवलं, ते बटाट्यानंच काढून घेतलं. दुसरं, स्थलांतर दुष्काळानं सुरू केलेलं नाही. १८१५ ते १८४५ या काळातच दहा लाखांवर लोक गेले होते. कॅनडातून इमारती लाकूड आणणारी जहाजं परतताना रिकामी जायची, त्यांत स्वस्तात माणसं भरायचे. वाट आधीच पडलेली होती. दुष्काळ नसता तरी अमेरिकेतली मजुरी आणि आयर्लंडमधली मजुरी यांतल्या फरकानं लोक गेलेच असते. मग सगळं दुष्काळाच्या माथी का मारायचं?


शेवंती

@कोरा_कागद, मुद्दे नेमके आहेत, उत्तर द्यायलाच हवं.

लोकसंख्या वाढत होती हे खरं, पण वाढीचा वेग दुष्काळाआधीच मंदावला होता. १८२१ ते १८३१ मध्ये ती सुमारे १४ टक्के वाढली, १८३१ ते १८४१ मध्ये जेमतेम पाच. लग्नं थोडी उशिरा होऊ लागली होती, लोक बाहेर जाऊ लागले होते. म्हणजे समाज आपल्या गतीनं जुळवून घेत होता. त्यात आठवा हिस्सा माणसं मेली, ती काही लोकसंख्येचा नियम म्हणून नाही.

कारण मधे राज्यकर्ते (लंडनचं ब्रिटिश सरकार) होते, आणि त्यांचे निर्णय लेखी आहेत. १८४७च्या उन्हाळ्यात सरकारी सूप किचनं चालू होती. जुलैत रोज तीस लाख लोक तिथं जेवत होते. मृत्यू घटले. म्हणजे करता येत होतं! आणि शरद ऋतूपर्यंत ती बंद करून सगळा भार तिथल्याच करदात्यांवर आणि निराधारांना ठेवायच्या वर्कहाउसांवर टाकला. त्याच वर्षीच्या कायद्यात एक कलम घातलं: पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला मदत मिळणार नाही. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. आज पोटाला हवं असेल तर जमीन सोड, आणि जमीन सोडलीस की पुढच्या वर्षी खायला काही नाही. कलम मांडणारा विल्यम ग्रेगरी पुढे सिलोनचा गव्हर्नर झाला. मदतीची तिजोरी आवळून धरणारा कोषागारातला अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेल्यन पुढे मद्रासचा गव्हर्नर होऊन आला. हे वाचताना मला राग आवरत नाही.

आणखी एक कळ होती. चार पौंडांपेक्षा कमी आकारणीच्या जमिनीवरचा गरीब-कर कुळानं नाही, तर जमीनदारानं भरायचा. दुष्काळात हा कर भरमसाट वाढला. ज्याच्याकडे लहान कुळं जास्त, तो बुडणार. मग सोपा उपाय: कुळं उठवा, छप्पर उतरवा, म्हणजे करही गेला. १८४९ ते १८५४ या काळात पोलिसांच्या नोंदीनुसार जवळजवळ पन्नास हजार कुटुंबं कायमची उठवली गेली. माणसांनी आपणहून वाट धरली आणि माणसांना वाटेला लावलं, यांत फरक करायला हवा.

स्थलांतर आधीपासून होतं, हे मान्य. त्यावर गणितवेडा लिहितील असं वाटतंय, त्यांचा हा प्रांत.


गणितवेडा

हाक मारलीत म्हणून आलो. :)

दोन देश शेजारी ठेवून बघू.

फिनलंड. १८६६ ते १८६८ भयंकर दुष्काळ. साधारण आठ टक्के लोकसंख्या गेली, म्हणजे प्रमाण आयर्लंडच्या जवळ जाणारे. १८६५ साली १८ लाख ४३ हजार माणसे होती, १८६८ अखेर १७ लाख २८ हजार. १८७५ साली? १९ लाख १२ हजार. दहा वर्षांच्या आत खड्डा भरून वर वाढ.

नॉर्वे. तिथे असा दुष्काळ नाही, पण अमेरिकेकडे जाणाऱ्यांचे प्रमाण युरोपात आयर्लंडच्या खालोखाल. साधारण शंभर वर्षांत आठ लाख माणसे गेली. तरी १८६५ साली १७ लाख असलेली लोकसंख्या १९००मध्ये २२ लाखांवर होती.

म्हणजे नुसता दुष्काळ देश कायमचा लहान करत नाही आणि नुसते स्थलांतरही करत नाही. यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे.

दुष्काळात सर्वात जास्त मरतात ती लहान मुले आणि म्हातारी माणसे. वीस ते पस्तीस वयाची माणसे तुलनेने जास्त तगतात. दुष्काळ सरला की लांबलेली लग्ने होतात, थांबलेली बाळंतपणे होतात, रिकाम्या झालेल्या जमिनी तरुणांना मिळतात. जन्मदर उसळतो. फिनलंडमध्ये हेच झाले.

स्थलांतरात उलटे. जाणारा असतो पंधरा ते तीसमधला. तो एकटा जात नाही, पुढे त्याला होणारी मुले आणि नातवंडेही बरोबर नेतो. कल्पनेतले गाव घ्या. शंभर माणसे. त्यातली वीस तरुण माणसे गेली तर आज ऐंशी उरली असे आपण म्हणतो. पण ज्या दहा जोडप्यांनी पुढच्या पिढीची चाळीस-पन्नास मुले जन्माला घातली असती ती जोडपीच गेली. आजची तूट वीस आणि तीस वर्षांनंतरची तूट त्याच्या कितीतरी पट. मागे उरते ते म्हाताऱ्यांचे आणि अविवाहितांचे गाव, तिथे मृत्यू जास्त आणि जन्म कमी.

नॉर्वेने एवढी तरुण माणसे गमावूनही तिथे मागे राहिलेल्यांची लग्ने होत होती आणि जाणाऱ्यांपेक्षा जन्मणारे जास्त होते. आयर्लंडमध्ये जाणाऱ्यांचे प्रमाणही जास्त आणि राहणाऱ्यांच्या लग्नाला कुलूप. १९११ साली पंचेचाळीस ते चोपन्न वयाच्या बायकांत साधारण चौथा हिस्सा आयुष्यात कधीच लग्न न झालेला होता. पुरुषांत प्रमाण त्याहून थोडे वरच. १९२०च्या दशकात पुरुषाचे लग्नाचे सरासरी वय पस्तिशीच्या आसपास होते. गंमत म्हणजे ज्यांची लग्ने झाली त्यांना मुले भरपूर होत. घरे भरलेली आणि देश रिकामा, हे चित्र त्यातून येते.

म्हणून शेवंतीताईंच्या मांडणीला माझे अनुमोदन, एका दुरुस्तीसह. पश्चिमेकडे, मेयो-गॉलवेच्या निकस पट्ट्यात, ही नवी रीत दुष्काळानंतर लगेच आली नाही. तिथे लवकर लग्ने आणि जमिनीचे तुकडे करणे आणखी तीसेक वर्षे चालू राहिले. १८७९ ते १८८१मध्ये पुन्हा पिके बुडाली तेव्हा तिथले लोक मरायला थांबले नाहीत, अमेरिकेला निघाले. कारण तोपर्यंत तिकडे मोठा भाऊ, मावशी, शेजारी बसलेले होते. पहिल्या दुष्काळात ज्यांच्याकडे भाड्याचे पैसे नव्हते ते मेले, दुसऱ्यात भाडे तिकडून आले.

चू.भू.द्या.घ्या.


मैत्रेयी_प

गणितवेडांच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं.

भाडं तिकडून येत होतं ते बऱ्याचदा बहिणीकडून. युरोपातल्या इतर देशांतून पुरुष जास्त जायचे किंवा अख्खी कुटुंबं जायची. आयर्लंडमधून एकट्या, लग्न न झालेल्या मुली जवळजवळ मुलांच्या बरोबरीनं गेल्या. बॉस्टन, न्यू यॉर्कमध्ये घरकामाला लागायच्या. राहणं-जेवण मालकाकडे, त्यामुळे पगार शिल्लक पडायचा. त्यातून आधी घरचा खंड भागायचा, मग पाठच्या भावंडाचं तिकीट काढून पाठवायचं. ते पोचलं की त्यानं पुढच्याचं काढायचं. अशी एकेक घरातली चार-पाच पोरं एकामागून एक गेली.

न्यू यॉर्क बंदरातलं, येणाऱ्यांची नोंद करणारं एलिस आयलंडचं केंद्र १ जानेवारी १८९२ला उघडलं, तेव्हा तिथं नोंद झालेली पहिली व्यक्ती ॲनी मूर ही कॉर्क परगण्यातली किशोरवयीन मुलगी होती. धाकट्या दोन भावांना घेऊन आईबापांकडे चालली होती. तिचं जहाज निघालं ते क्वीन्सटाउन, म्हणजे आताचं कोव्ह, या बंदरातून. तिथून शंभर वर्षांत पंचवीस लाख माणसं गेली असं सांगतात.

मला यात एक गोष्ट फार लागते. जिला गावी वारस भावाच्या घरात बिनलग्नाची नणंद म्हणून आयुष्य काढावं लागलं असतं, तिला जाण्यात सुटकाही होती. हुंडा नाही, जमीन नाही, मग थांबायचं कशासाठी? स्थलांतर म्हणजे केवळ हकालपट्टी होती असं मी तरी म्हणणार नाही. पण सुटका होण्यासाठी समुद्र ओलांडावा लागावा, ही त्या समाजाची हार होती.


गॉलवेकर

मी नोकरीनिमित्त इथं राहतो, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेलं लिहितो.

मेयो परगण्यात अकिल बेटावर स्लीव्हमोर नावाचा डोंगर आहे. त्याच्या दक्षिण उतारावर ओसाड गाव आहे. ऐंशी-शंभर दगडी घरांचे सांगाडे, एका ओळीत. छप्पर एकावरही नाही. घर म्हणजे एक खोली, दाराशी वाकून आत जावं लागतं, भिंतीत आतल्या बाजूला गुरं बांधायचे दगडी कडे. माणसं आणि गाय एकाच खोलीत. ऊन तिरकं असलं की घरांभोवतीच्या उतारावर उंच-सखल पट्टे उठून दिसतात. ते बटाट्याचे जुने वाफे. माती दोन्ही बाजूंनी उलटून मधे बटाटा लावायचे. नंतर तिथं नांगर फिरलाच नाही, म्हणून ते तसेच राहिलेत.

एक खुलासा मुद्दाम करतो, कारण पर्यटक सरसकट 'हे दुष्काळात मेलेलं गाव' म्हणतात. ते गाव हळूहळू रिकामं झालं. लोक खाली किनाऱ्याजवळ सरकले, काही परदेशी गेले, पुढेही बराच काळ उन्हाळ्यात गुरं चारायला येणारे लोक ही घरं वापरत होते. या धाग्याचा जो मुद्दा आहे, तोच तिथं उभं राहून दिसतो. एका रात्रीत उठलेलं गाव नाही ते.

अवांतर: २०२२च्या इथल्या जनगणनेच्या अर्जात शेवटी एक रिकामी चौकट होती. तिच्यात हवं ते लिहा, शंभर वर्षांनी उघडलं जाईल. आम्ही घरातल्या सगळ्यांची नावं, मूळ गावं आणि इथं का आलो ते मराठीत लिहिलं. ज्या देशानं एवढी माणसं गमावली तो प्रत्येक माणसाची ओळ जपून ठेवू पाहतोय, हे मला भिडलं.


दप्तरखाना

गॉलवेकरांनी जनगणनेचा विषय काढलाच आहे, तर कागदपत्रांबद्दल.

दुष्काळात नेमके किती मेले याचा आकडा सगळीकडे 'सुमारे दहा लाख' असाच येतो, त्याला कारण आहे. आयर्लंडमध्ये सगळ्या जन्म-मृत्यूंची सक्तीची नोंद १८६४ साली सुरू झाली. त्याआधी चर्चच्या वह्या, त्याही अपुऱ्या. १८५१च्या जनगणनेत घरोघर विचारलं, गेल्या दहा वर्षांत तुमच्या घरातलं कोण वारलं, कशानं वारलं. ते तक्ते लावायचं काम विल्यम वाइल्ड या डॉक्टरनं केलं (ऑस्कर वाइल्डचे वडील). काम अफाट आहे. पण ज्या घरातलं सगळं माणूस गेलं, किंवा मेलेल्यांना मागे टाकून उरलेले जहाजावर चढले, त्या घरात सांगायला कोण होतं? सगळ्यात जास्त मार खाल्लेली घरंच मोजणीतून सुटली. म्हणून पुढच्या अभ्यासकांना उलट्या दिशेनं यावं लागलं: १८४१चे लोक, अधिक अपेक्षित वाढ, वजा गेलेले, वजा १८५१चे लोक.

त्यातही गेलेल्यांचा आकडा पक्का नाही. लिव्हरपूलला उतरून तिथंच राहिलेले किती आणि पुढे अमेरिकेला गेलेले किती, हे वेगळं काढणं अवघड. जहाजावर मेलेल्यांना तर कोणत्या रकान्यात घालायचं? १८४७ साली क्विबेकजवळच्या ग्रोस आयल या विलगीकरण बेटावरच पाच हजारांवर माणसं पुरली गेली. तीही आयर्लंडच्या तुटीतलीच.

पुढचा घात १९२२चा. डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या दप्तरखान्याला यादवीत आग लागली आणि १८२१ ते १८५१च्या जनगणनांचे बहुतेक मूळ अर्ज जळाले. १८६१ ते १८९१चे तर सरकारनंच आधी नष्ट केले होते. एकत्रित आकडे छापलेले असल्यामुळे वाचले, पण घरोघरचे अर्ज १९०१ आणि १९११चेच पूर्ण उरलेत. ते इंटरनेटवर फुकट आहेत. एकदा उघडून बघा. एकेका अर्जावर 'अविवाहित' असलेले पन्नाशीचे भाऊ-बहीण एकाच घरात दिसतात. गणितवेडांचा चौथा हिस्सा तिथं नावानिशी भेटतो.

भाषेचंही त्यात दिसतं. १८५१ला आयरिश बोलणारे पंधरा लाख नोंदले गेले, १८९१ला सात लाखांच्या आत. दुष्काळ आणि स्थलांतर या दोघांचा मार सर्वात जास्त बसला तो पश्चिमेच्या गरीब, आयरिश बोलणाऱ्या पट्ट्याला. आणि ज्या पोरांना अमेरिकेला पाठवायचं, त्यांना इंग्रजी यायलाच हवं, असं आईबापांनीच ठरवलं.


रानवारा

सगळे प्रतिसाद वाचून काढले. एक शंका. स्वातंत्र्य १९२२ला मिळालं. जमिनी तर त्याआधीच कुळांच्या नावावर व्हायला लागल्या होत्या. मग परकं सरकार गेल्यावरही माणसं का जात राहिली? आणि शेवटी थांबलं कशानं?


कोरा_कागद

याचं उत्तर मी देतो, कारण माझ्या मुद्द्याशी ते जुळतं.

कुळ मालक झालं, पण शेत तेवढंच राहिलं. वीस-तीस एकरांच्या शेतावर एकच संसार चालणार, मालक कोणीही असो. उलट स्वतःची जमीन झाल्यावर ती न तोडण्याचा हट्ट आणखी पक्का झाला. कारखानदारी होती ती बेलफास्टकडे, आणि ते १९२१च्या फाळणीत वेगळं झालं. (एकोणिसाव्या शतकात सगळा देश आटत असताना बेलफास्ट मात्र लिनन आणि जहाजबांधणीवर फुगत होतं. १९०१ला साडेतीन लाख लोकवस्ती.) नव्या सरकारनं तीसच्या दशकापासून आयातीला भिंत घालून देशी उद्योग उभारायचा प्रयत्न केला, पण बाजारपेठच लहान. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला बांधकामावर मजूर हवे होते, रुग्णालयांत परिचारिका हव्या होत्या. बोटीनं एका रात्रीत पोचता यायचं. १९५१ ते १९६१ या एका दशकात आलेल्यांपेक्षा गेलेले चार लाखांनी जास्त होते, आणि देश होता जेमतेम तीस लाखांचा.

म्हणूनच मी म्हणतो की शेवटी निर्णय केला मजुरीनं आणि कामानं.

बदलाची सुरुवात १९५८ची. अर्थखात्याचे सचिव टी. के. व्हिटेकर यांनी आराखडा मांडला: भिंती काढा, परदेशी भांडवल येऊ द्या. लेमास पंतप्रधान झाल्यावर तो अमलात आला. १९६७ला माध्यमिक शिक्षण मोफत झालं, १९७३ला देश युरोपीय आर्थिक समुदायात गेला. सत्तरच्या दशकात पहिल्यांदा जाणाऱ्यांपेक्षा येणारे जास्त झाले. ऐंशीच्या दशकात पुन्हा ओहोटी लागली, नव्वदच्या मध्यापासून पुन्हा भरती. २००८च्या मंदीनंतर तरुण पुन्हा ऑस्ट्रेलिया-कॅनडाला निघाले. वाट मोडत नाही, काम कमी झालं की तीच वाट पुन्हा वाहती होते.


शेवंती

@कोरा_कागद, मजुरीचा मुद्दा मला मान्यच आहे. पण नॉर्वेतही मजुरी कमी होती आणि फिनलंडमध्येही. आयर्लंडमध्ये पाचव्या-सहाव्या पिढीपर्यंत 'आपल्याकडचं मूल जाणारच' हे गृहीत धरलं गेलं, त्याची मुळं १८४५ ते १८५१ मध्ये आहेत. दुष्काळानं वीस लाख माणसं एकदम बाहेर ढकलली, म्हणून प्रत्येक गावाचं कोणी ना कोणी तिकडे बसलं. नॉर्वेत ते जाळं हळूहळू विणलं गेलं, इथं एका दशकात. १८९०च्या सुमारास जगात हयात असलेल्या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या दर पाचांतले दोन देशाबाहेर राहत होते. अशा घरात मजुरीतला फरक बातमीतून कळत नाही, भावाच्या पत्रातून कळतो, आणि सोबत तिकीटही असतं.


गणितवेडा

आता भरतीबद्दल थोडे, कारण वर्तमानपत्रांत 'आयर्लंड सावरले' असे मथळे येतात.

२०२२च्या जनगणनेत प्रजासत्ताकाची, म्हणजे त्याच २६ परगण्यांची, लोकसंख्या ५१ लाख ४९ हजार भरली. १८५१नंतर पहिल्यांदाच पन्नास लाखांच्या वर. त्यात साधारण पाचवा हिस्सा देशाबाहेर जन्मलेला आहे: पोलंड, ब्रिटन, भारत, ब्राझील अशा अनेक ठिकाणचा. म्हणजे ज्या यंत्रणेने देश रिकामा केला, तीच उलट फिरून तो भरते आहे. येणारेही तेच, पंधरा ते चाळीस वयाचे, आपली पुढची पिढी सोबत आणणारे.

पण प्रांतवार पाहा. डब्लिन ज्यात आहे तो लिन्स्टर प्रांत १८४१ला १९ लाख ७४ हजारांचा होता, आज २८ लाखांहून जास्त. मन्स्टर तेव्हा २३ लाख ९६ हजार, आज चौदा लाखांच्या आत. कॉनॉट तेव्हा १४ लाख १९ हजार, आज सहा लाखांच्या जरा खाली. दुष्काळात सर्वात जास्त घट कॉनॉटमध्येच झाली होती, दहा वर्षांत सुमारे २९ टक्के. लीट्रिम परगणा तेव्हा १ लाख ५५ हजारांचा होता. १९९६ला तिथे पंचवीस हजार माणसे उरली होती, आज पस्तीस हजार आहेत.


गॉलवेकर

गणितवेडा, लीट्रिमच्या आकड्याबद्दल सांगतो. कामानिमित्त त्या बाजूला जाणं होतं. तिथं एका गावातली शाळा पुरेशी मुलं नाहीत म्हणून बंद व्हायला आली होती, आता युक्रेनहून आलेल्या कुटुंबांची मुलं त्यात आहेत आणि एक वर्ग वाढलाय. उलट डब्लिनमध्ये घरभाडं परवडत नाही म्हणून माझ्याच टीममधले दोन आयरिश तरुण यंदा सिडनीला गेले. एकाची आई मेयोची. तिचे चार भाऊ ऐंशीच्या दशकात गेले, ते तिकडेच आहेत. तिनं मुलाला राहायचा पत्ता दिला तो त्यातल्याच एका भावाचा.